धोक्यांची यादी कोण करते?

२०११ च्या मे महिन्यात उत्तर जर्मनीतल्या रुग्णालयांत रक्ताची हगवण लागलेले रुग्ण एकामागून एक दाखल होऊ लागले. हॅम्बुर्गमध्ये गर्दी सर्वांत जास्त होती. हगवण आटोक्यात येते न येते तोच अनेकांची मूत्रपिंडे काम थांबवत, काहींना झटके येत. एरवी मूत्रपिंडांचा हा उपद्रव लहान मुलांमध्ये जास्त दिसतो. इथे मात्र बहुतेक रुग्ण मोठी माणसे होती आणि त्यांत बायकांचे प्रमाण अधिक होते. कारण होते ई. कोलाय या जिवाणूचा ओ१०४:एच४ नावाचा प्रकार. साथ ओसरेपर्यंत जर्मनीत सुमारे ३,८०० लोक आजारी पडले, आठशेहून अधिकांच्या मूत्रपिंडांना गंभीर इजा झाली आणि पन्नासहून अधिक माणसे दगावली.

जिवाणू कळला, पण तो पोटात गेला कशातून? रुग्णांना विचारले तर टोमॅटो, काकडी, सॅलडची पाने अशी उत्तरे येत. २६ मे रोजी हॅम्बुर्गच्या आरोग्य खात्याने स्पेनहून आलेल्या काकड्यांकडे बोट दाखवले. काही दिवसांनी तपासणीत दिसले की काकडीवरचा जिवाणू वेगळाच होता. तोवर स्पेनच्या शेतकऱ्यांचा माल पडून सडू लागला होता. रशियाने तर युरोपीय संघातून येणाऱ्या सगळ्याच ताज्या भाज्यांना दार बंद केले. पुढे भाजीपाला उत्पादकांना भरपाई म्हणून युरोपीय संघाला वीस कोटी युरोंहून अधिक रक्कम मोजावी लागली.

खरा धागा सापडला तो एका रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरात. तिथे जेवून गेलेल्या अनेक गटांतली माणसे आजारी पडली होती, पण ताटात नेमके काय काय होते हे कोणाला धड आठवत नव्हते. तेव्हा तपास करणाऱ्यांनी आठवणींचा नाद सोडला. पाहुण्यांनी काय मागवले होते याच्या नोंदी आणि जेवताना काढलेले फोटो त्यांनी मिळवले. मग ते आचाऱ्यासमोर बसले आणि कोणत्या पदार्थात काय पडते, कशावर काय भुरभुरले जाते, हे एकेक करून लिहून घेतले. हिशेब मांडल्यावर दिसले की कच्चे मोड ज्यांच्या ताटात आले होते, त्यांना आजार होण्याची शक्यता इतरांच्या जवळपास नऊपट होती. सजावटीला घातलेले चिमूटभर मोड कोणाच्या लक्षात राहणार!

मोड लोअर सॅक्सनीतल्या एका शेतावरून आले होते. जूनच्या अखेरीस फ्रान्समध्ये, बोर्दोजवळच्या बेग्ल गावी, मुलांच्या एका केंद्रातल्या कार्यक्रमानंतर हाच जिवाणू पुन्हा दिसला. तिथे गार सूपवर मोड पेरले होते. जर्मन शेत आणि फ्रेंच कार्यक्रम यांना जोडणारी वस्तू एकच निघाली: मेथीचे बी. कागदपत्रांचा माग काढत तपास इजिप्तमधून आलेल्या १५ टनांच्या एका खेपेपर्यंत गेला. ही मेथी नोव्हेंबर २००९ मध्ये दमिएत्ता बंदरातून निघाली होती आणि अँटवर्प, रॉटरडॅममार्गे जर्मनीत पोचली होती. तिथून ती अनेक देशांत वाटली गेली. मराठी घरात मोड आलेल्या मेथीची उसळ होते, ती शिजते आणि शिजताना हा जिवाणू मरतो. तिकडे मोड कच्चेच खातात. तपासलेल्या बियांवर जिवाणू कधीच सापडला नाही. सगळा निष्कर्ष खरेदी-विक्रीच्या कागदांवर आणि रोगाच्या नकाशावर उभा राहिला.

या साथीतली एक गोष्ट अन्नसुरक्षेच्या शास्त्रज्ञांना फार लागली. ओ१०४:एच४ जगाला अगदीच अनोळखी नव्हता. जर्मनीतल्याच म्युन्स्टरच्या प्रयोगशाळेत २००१ मधल्या एका रुग्णाचा असा नमुना जपलेला होता. पण युरोपातल्या कितीतरी प्रयोगशाळांची नेहमीची तपासणी ओ१५७ या दुसऱ्या, जास्त गाजलेल्या प्रकाराभोवती रचलेली होती. साधने, प्रशिक्षण आणि पैसा, सगळे त्याच्याच मागे. जे यादीत होते ते शोधले जात होते. जे यादीत नव्हते, ते समोर येऊनही ओळखू येत नव्हते.

म्हणून यादीचा प्रश्न मोलाचा ठरतो. अन्नातले धोके हजारो आहेत. जिवाणू, विषाणू, परजीवी, बुरशीची विषे, कीडनाशकांचे अंश, डब्याच्या आतल्या लेपातून पाझरणारी रसायने. शास्त्रज्ञ मोजके आणि निधी त्याहून मोजका. त्यात माल तर पोलंडमध्ये तयार होऊन पोर्तुगालमध्ये खपतो. मग आधी कशाचा अभ्यास करायचा हे प्रत्येक देशाने आपापले ठरवायचे की सर्वांनी मिळून?

युरोपने हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला. ब्रिटनमध्ये गायींना होणारा बीएसई हा मेंदूचा आजार १९८६ मध्ये ओळखला गेला. मेलेल्या जनावरांच्या मांस-हाडांची भुकटी गायींनाच खाऊ घातल्याने तो पसरला होता. माणसांना धोका नाही, असे तिथले सरकार दहा वर्षे सांगत राहिले. २० मार्च १९९६ रोजी संसदेत मान्य करावे लागले की माणसांच्या मेंदूच्या एका नव्या, जीवघेण्या आजाराचा या गोमांसाशी संबंध असण्याची दाट शक्यता आहे. ब्रिटनमध्ये १७८ जण या आजाराने गेले. युरोपीय संसदेच्या चौकशी समितीने १९९७ मध्ये ब्रिटिश सरकार आणि युरोपीय कमिशन या दोघांनाही दोषी धरले. दोनच वर्षांनी बेल्जियममध्ये कोंबड्यांच्या खाद्यातल्या चरबीत औद्योगिक तेल मिसळले गेले, डायऑक्सिन आणि पीसीबी ही विषारी रसायने अंडी-मांसात उतरली. हे प्रकरण वेळीच जाहीर झाले नव्हते. जून १९९९ मध्ये आरोग्य आणि शेती खात्याच्या मंत्र्यांनी राजीनामे दिले आणि त्याच महिन्यातल्या निवडणुकीत सरकार गेले.

या दोन आघातांतून २००२ मध्ये युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरण, म्हणजे ‘एफ्सा’, जन्माला आले. त्याचे मुख्यालय इटलीतल्या पार्मा शहरात आहे. धोका किती आहे हे शास्त्रज्ञांनी सांगायचे आणि त्यावर काय करायचे हे राजकीय नेतृत्वाने ठरवायचे, अशी स्पष्ट विभागणी कायद्याने केली. बीएसईच्या काळात नेमकी हीच रेघ पुसट झाली होती. मात्र एफ्साची स्वतःची प्रयोगशाळा नाही आणि मोठे संशोधन चालवण्याइतका पैसाही तिच्या हाती नाही. संशोधन होते ते जर्मनीची बीएफआर, फ्रान्सची आन्सेस, नेदरलँड्सची आरआयव्हीएम यांसारख्या राष्ट्रीय संस्थांत आणि विद्यापीठांत, आणि त्याचा बहुतांश खर्च प्रत्येक देश आपल्या तिजोरीतून करतो. त्यामुळे प्राधान्यक्रम सामाईक करायचा तर हुकूम काढून भागत नाही. सर्वांना एका टेबलाशी बसवून पटवावे लागते.

पटवण्याची एक जुनी पद्धत इथे कामाला येते. अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशनमध्ये १९५० च्या दशकात ती घडली. तिला डेल्फी म्हणतात. प्रत्येक जाणकाराला स्वतंत्रपणे तेच प्रश्न पाठवायचे, उत्तरे निनावी ठेवायची, सर्वांची उत्तरे एकत्र करून पुन्हा त्यांच्यापुढे ठेवायची आणि विचारायचे: आता तुमचे मत बदलते का? अशा दोन-तीन फेऱ्या होतात. समोरासमोरच्या बैठकीत ज्याचा आवाज मोठा किंवा ज्याचा देश मोठा, त्याच्याकडे पारडे झुकते. निनावी फेऱ्यांत एस्टोनियातल्या तज्ज्ञाचे मत फ्रान्समधल्या तज्ज्ञाच्या मताइतकेच वजनदार असते. २०१६ मध्ये एफ्साने सदस्य देशांच्या अन्नसुरक्षा संस्थांसाठी सामाईक विषय निवडताना हीच पद्धत वापरली.

यादी करताना काय काय आडवे येते, ते परजीवींच्या उदाहरणातून सर्वांत चांगले दिसते. अन्नातून शरीरात शिरणारे कृमी आणि इतर परजीवी हा युरोपात कायम दुर्लक्षित राहिलेला विषय. रुग्ण विखुरलेले, आजार हळूहळू वाढणारा, त्यामुळे वर्तमानपत्रांतही जागा नाही. २०१६ मध्ये युरोपातल्या ३५ तज्ज्ञांनी एकत्र येऊन अशा २४ परजीवींची क्रमवारी लावली. किती लोकांना होतो, किती गंभीर होतो, किती मरतात, वाढण्याची शक्यता किती, व्यापाराला किती फटका बसतो, अशा निकषांवर प्रत्येकाला गुण दिले आणि कोणत्या निकषाला किती वजन द्यायचे हेही त्यांनीच ठरवले.

पहिल्या क्रमांकावर आला कोल्ह्याच्या आतड्यातला एक इवलासा फीतकृमी, एकिनोकॉकस मल्टिलोक्युलॅरिस. त्याची अंडी कोल्ह्याच्या विष्ठेतून रानातल्या बेरींवर, मळ्यातल्या भाजीवर पडतात. माणसाच्या पोटात गेली की अळी यकृतात ठाण मांडते आणि गाठीसारखी वाढत जाते. लक्षणे दिसायला पाच ते पंधरा वर्षे लागू शकतात आणि उपचार न झाल्यास माणूस दगावतो. हा धोका वाढण्यामागे एक चांगले काम आहे, हे विशेष. स्वित्झर्लंडमध्ये १९७८ मध्ये कोल्ह्यांसाठी रेबीजची लस भरलेली आमिषे रानात टाकण्याचा प्रयोग झाला. पुढे तो अनेक देशांत पसरला, रेबीज हटला आणि कोल्ह्यांची संख्या वाढली. आता ते झ्युरिकसारख्या शहरांच्या बागांतही फिरतात, आणि कृमीही त्यांच्यासोबत शहरात आला.

पण हा पहिला क्रमांक सबंध युरोपचा मिळून होता. भाग वेगळे करून पाहिले की यादी हलते. उत्तर आणि पूर्व युरोपात कोल्ह्याचा फीतकृमी पहिला. पश्चिमेला त्याची जागा टोक्सोप्लाझ्मा घेतो, जो अर्धकच्च्या मांसातून किंवा मांजरांच्या विष्ठेतून येतो आणि गर्भाला इजा करतो. नैर्ऋत्य आणि आग्नेय भागांत, जिथे मेंढपाळी आणि राखणीची कुत्री आहेत, तिथे पहिला येतो एकिनोकॉकसचाच दुसरा भाऊ, हायडॅटिड गाठी करणारा. म्हणजे सामाईक यादी करायची तर कोणाचा पहिला क्रमांक खाली सरकणार, हा प्रश्न येतोच. अशा वेळी सरासरी काढून मोकळे होणे सोपे असते. या तज्ज्ञांनी सबंध युरोपची आणि विभागवार अशा दोन्ही याद्या प्रसिद्ध केल्या, ते जास्त प्रामाणिक झाले. बल्गेरियातल्या मेंढपाळाच्या यकृतातली गाठ ब्रसेल्सच्या सरासरीत हरवता कामा नये.

मतांनी क्रम लावता येतो, पण मताच्या खाली आकडा लागतो, आणि तो सगळीकडे एकाच मापाने मोजलेला लागतो. इथेच युरोपचे सर्वांत कमी गाजलेले आणि सर्वांत उपयोगी काम आहे, असे म्हणावे लागेल.

अंड्यांतला साल्मोनेला हा जिवाणू घ्या. २००४ च्या ऑक्टोबरपासून वर्षभर युरोपीय संघातल्या अंड्यांच्या मोठ्या कुक्कुटपालनांचे नमुने सर्व देशांनी एकाच पद्धतीने घेतले. किती शेड, कोणता नमुना, प्रयोगशाळेत कोणती कृती, सगळे ठरवून दिलेले. सरासरी सुमारे ३१ टक्के ठिकाणी साल्मोनेला निघाला. काही देशांत तो शून्य होता आणि काहींत निम्म्याहून कितीतरी जास्त. तोवर प्रत्येक देश आपापल्या पद्धतीने मोजत होता, त्यामुळे ही दरी कोणाला नीट दिसलीच नव्हती. त्यानंतर देशागणिक उद्दिष्टे ठरली, लसीकरण आणि बाधित कळपांची अंडी बाजारातून दूर ठेवणे सुरू झाले. २००४ मध्ये माणसांमधले नोंदलेले रुग्ण दोन लाखांच्या घरात होते, ते दहा वर्षांत नव्वद हजारांच्या आसपास आले. लाखभर माणसांचे दरवर्षीचे दुखणे टळले. अन्नसुरक्षेच्या इतिहासात इतके ठळक यश फार थोडे आहे.

कॅम्पिलोबॅक्टरच्या बाबतीत मात्र असे झाले नाही. २००५ पासून युरोपात अन्नातून होणाऱ्या आजारांत हा जिवाणू पहिला आहे. २०२३ मध्ये सुमारे १ लाख ४८ हजार रुग्णांची नोंद झाली. २००८ मध्ये कत्तलखान्यांतल्या कोंबड्यांची अशीच समान पाहणी झाली, तेव्हा दर चार कोंबड्यांपैकी तिघींच्या मांसावर तो सापडला. एका टोकाला जेमतेम पाच टक्के असलेला देश होता आणि दुसऱ्या टोकाला शंभर टक्के. या जिवाणूने कोंबडी आजारी पडत नाही, त्यामुळे पालन करणाऱ्याला चाहूल लागत नाही आणि कामाची लसही नाही. तरीही अगदी साध्या उपायांचे पुरावे हाती आहेत. डेन्मार्कमध्ये एका उन्हाळ्यात काही शेडच्या हवेच्या झरोक्यांना माश्या आत येऊ नयेत म्हणून जाळ्या लावल्या. जाळी नसलेल्या शेडमधले निम्मे कळप बाधित झाले. जाळी असलेल्यांतले फक्त १५ टक्के. आइसलँडने बाधित कळपांचे मांस ताजे न विकता गोठवून विकायला लावले आणि तिथले रुग्ण झपाट्याने घटले. हे उपाय कोणत्या हवेत, कोणत्या बांधणीच्या शेडमध्ये किती चालतील याचा अभ्यास सर्व देशांना हवा आहे. तो काही आकर्षक विषय नाही, त्यातून पेटंट मिळत नाही. म्हणूनच तो सामाईक यादीत वरच्या जागी असायला हवा.

एकत्र काम केल्यावर काय साधते, याचा पुरावा गोठवलेल्या मक्याने दिला. २०१५ पासून फिनलँड, डेन्मार्क, स्वीडन, ऑस्ट्रिया आणि ब्रिटनमध्ये लिस्टेरिया या जिवाणूचे तुरळक रुग्ण दिसत होते. प्रत्येक देशाच्या दृष्टीने ती एकटीदुकटी दुर्दैवी घटना. पण तोवर या देशांच्या प्रयोगशाळा जिवाणूचा संपूर्ण जनुकीय आराखडा वाचू लागल्या होत्या आणि ते आराखडे एकमेकांशी ताडून पाहता येत होते. ताडले, तर सगळे रुग्ण एकाच जिवाणूचे निघाले आणि माग हंगेरीतल्या भाज्या गोठवणाऱ्या कारखान्यापर्यंत पोचला. जून २०१८ पर्यंत ४७ रुग्ण आणि ९ मृत्यू मोजले गेले होते. पाच देशांत तीन-साडेतीन वर्षांत विखुरलेले ४७ रुग्ण! कोणत्याही एका देशाला हे एकट्याने कधीच कळले नसते. २०२२ मध्ये एफ्सा आणि युरोपच्या रोगनियंत्रण केंद्राने असे आराखडे ताडण्याची सामाईक यंत्रणा कायमची सुरू केली.

काही धोके आज एका कोपऱ्यात आहेत, उद्या सर्वत्र असतील. २००३ च्या कडक उन्हाळ्यात उत्तर इटलीतल्या पो नदीच्या खोऱ्यात, म्हणजे एफ्साच्या अंगणातच, मक्यावर अफ्लाटॉक्सिन बनवणारी बुरशी माजली. तो मका गायींनी खाल्ला आणि विष दुधात उतरले. भुईमूग साठवणाऱ्या भारतीय शेतकऱ्याला ओळखीची असलेली ही बुरशी उष्ण प्रदेशाची. थंड युरोपात ती फारशी चिंतेची नव्हती. २०१२ च्या दुष्काळानंतर सर्बियात तेच झाले. दुधातल्या या विषाची युरोपीय मर्यादा किलोमागे ०.०५ मायक्रोग्रॅम आहे. सर्बियाने २०१३ मध्ये ती दहापट सैल केली, कारण दूध टाकून देण्याची पाळी आली होती. दक्षिणेकडे कॅनरी बेटांवर २००४ मध्ये सिग्वाटेराची विषबाधा दिसली. हे विष सूक्ष्म शैवालातून मोठ्या माशांत साठत जाते, शिजवूनही जात नाही, आणि झालेल्या माणसाला थंड वस्तू हाताला भाजल्यासारखी लागते. स्पेनच्या अन्नसुरक्षा संस्थेने इतर देशांना घेऊन २०१६ मध्ये त्याचा सामाईक अभ्यास हाती घेतला. तेव्हा हा प्रश्न बहुतेक सदस्य देशांच्या गावीही नव्हता. छोट्या कोपऱ्यातला प्रश्न वेळीच यादीत घेतल्याचे हे चांगले उदाहरण आहे.

रसायनांच्या बाबतीत मतभेद अधिक तीव्र आहेत. बिस्फेनॉल ए हे डब्यांच्या आतल्या लेपात आणि काही प्लास्टिकमध्ये असणारे रसायन. रोज किती पोटात गेले तर चालेल, याची मर्यादा एफ्साने २०१५ मध्ये वजनाच्या दर किलोमागे ४ मायक्रोग्रॅम अशी तात्पुरती ठरवली होती. उंदरांच्या रोगप्रतिकारक पेशींवरचे परिणाम पाहून २०२३ मध्ये तिने ती ०.२ नॅनोग्रॅमवर आणली. वीस हजारपट कमी! जर्मनीच्या बीएफआरने तेच अभ्यास वाचून २०० नॅनोग्रॅमची मर्यादा पुरेशी मानली. दोन्ही संस्था नावाजलेल्या, दोन्हींचे शास्त्रज्ञ सच्चे, आणि उत्तरांत हजारपट अंतर. कायद्यानुसार दोघांना आपले मतभेद नेमके कुठे आहेत ते एकत्र लिहून प्रसिद्ध करावे लागले. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये युरोपीय संघाने अन्नाला लागणाऱ्या वस्तूंत बिस्फेनॉल ए वापरण्यावर बंदीचा निर्णय घेतला. पण पेशींमधला कोणता बदल माणसासाठी अपायकारक मानायचा, हा मूळ प्रश्न सामाईक संशोधनानेच सुटणार आहे. अशाच प्रश्नांसाठी मे २०२२ मध्ये ‘पार्क’ हा मोठा उपक्रम सुरू झाला होता. ४० कोटी युरो, सात वर्षे, २८ देश, जवळपास दोनशे संस्था, आणि नेतृत्व फ्रान्सच्या आन्सेसकडे. अनेक रसायनांच्या मिश्रणाचा एकत्रित परिणाम आणि प्राण्यांवर प्रयोग न करता तपासण्याच्या पद्धती हे त्याचे दोन मुख्य विषय आहेत.

युरोपच्या याद्यांचे परिणाम युरोपपुरते राहत नाहीत, हे महाराष्ट्राने अनुभवले आहे. द्राक्षवेलीची खरड छाटणी झाल्यावर फुटींचा जोम आवरावा आणि काडीत घडनिर्मिती चांगली व्हावी म्हणून बागायतदार सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वॅट क्लोराइड, वापरत आले होते. २०१० च्या हंगामात युरोपात पोचलेल्या द्राक्षांत त्याचे अंश मर्यादेहून जास्त निघाले आणि कंटेनर अडकले. निर्यातीपूर्वी भारतात ज्या रसायनांसाठी तपासणी होत होती, त्या यादीत सीसीसी नव्हते. २००३ मध्ये कीडनाशकांच्या अंशांवरून नेदरलँड्समध्ये माल अडला होता. त्यानंतर २००६ मध्ये प्रत्येक बागेची नोंद ठेवणारी ग्रेपनेट ही व्यवस्था उभी राहिली होती आणि पुण्याजवळच्या मांजरीत राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची संदर्भ प्रयोगशाळा काम करत होती. व्यवस्था चांगली होती, यादी अपुरी होती. नाशिक-सांगलीच्या अनेक बागायतदारांना त्या एका नावाने कर्जात लोटले. त्यानंतर यादी वाढली आणि तपासणी सुधारली.

तिळाचेही तसेच. सप्टेंबर २०२० मध्ये बेल्जियमला भारतीय तिळात इथिलीन ऑक्साइड सापडले. साल्मोनेलासारखे जिवाणू मारायला वापरला जाणारा हा वायू युरोपात या कामासाठी वर्ज्य आहे. बेल्जियमने धोक्याची सूचना इतर देशांना देताच पाव, बिस्किटे, हम्मस असा माल देशोदेशीच्या दुकानांतून परत मागवला गेला आणि ऑक्टोबरपासून भारतीय तिळाच्या निम्म्या खेपा तपासल्या जाऊ लागल्या. एका धोक्यावरचा उपाय दुसरा धोका झाला, कारण जिवाणूंचे अभ्यासक आणि रसायनांचे अभ्यासक वेगवेगळ्या खोल्यांत बसतात. सामाईक प्राधान्यक्रमात ही भिंत पाडणे पहिल्या पाचांत तरी असायला हवे. निर्यातदारांसाठी एक गोष्ट जमेची आहे: युरोपीय संघातले सर्व देश कोणत्या मालात कोणती कीडनाशके शोधणार, हा कार्यक्रम आधी जाहीर होतो आणि टेबल द्राक्षांची पाळी त्यात दर तीन वर्षांनी येते. तो दरवर्षी मराठीत, बागायतदाराला कळेल अशा शब्दांत उपलब्ध व्हायला हवा.

युरोपच्या या सगळ्या खटाटोपातली मोठी उणीव पैशाची नाही, मुदतीची आहे. प्राण्यांकडून माणसांकडे येणाऱ्या आजारांवरचा ‘वन हेल्थ ईजेपी’ हा सुमारे नऊ कोटी युरोंचा सामाईक कार्यक्रम जानेवारी २०१८ मध्ये सुरू झाला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये संपला. अशा कार्यक्रमात पाच वर्षे एकमेकांच्या पद्धती शिकलेली माणसे मुदत संपली की पांगतात, नमुन्यांचे संग्रह फ्रीजमध्ये पडून राहतात आणि पुढचा कार्यक्रम नव्या नावाने, नव्या भिडूंसह पहिल्यापासून सुरू होतो. कोल्ह्याचा फीतकृमी यकृतात पंधरा वर्षे दबा धरतो. त्याच्यावर पाच वर्षांच्या प्रकल्पाने नजर ठेवता येत नाही. कॅम्पिलोबॅक्टर वीस वर्षे पहिल्या क्रमांकावर आहे. समान पाहण्या, जनुकीय आराखड्यांचा साठा आणि विभागवार क्रमवारी दर काही वर्षांनी नव्याने लावणे, या तीन कामांना प्रकल्पाच्या मुदतीतून मोकळे करून कायमचा निधी दिला पाहिजे. ‘पार्क’ची सात वर्षे २०२९ मध्ये संपतात. सदस्य देशांनी हा निर्णय त्याआधी घ्यायला हवा.